शेवंतीच्या शेतात उतरलेलं विमान

आमची जमीन चिंचोळी आहे. पणजोबांच्या वेळी ती चांगली चौकोनी होती म्हणतात. पुढे आजोबांच्या पिढीत वाटण्या झाल्या, वडिलांच्या पिढीत पुन्हा झाल्या, आणि दर वेळी प्रत्येक भावाला ओढ्याचं पाणी मिळायला हवं म्हणून तुकडे उभेच पाडले गेले. शेवटी आमच्या वाट्याला आली ती वरच्या डांबरी रस्त्यापासून खाली ओढ्यापर्यंत गेलेली एक लांब पट्टी. मध्ये एक आडवा बांध, बाकी सगळं सरळ. वडील म्हणायचे, आपल्या रानात बैलाला वळायचं माहीतच नाही. पावसाळ्यात इंद्रायणी भात, आणि दिवाळीनंतर पट्टी मोकळी.

गाव आंदर मावळात, टाकवे बुद्रुकच्या पुढे. रस्त्याच्या अलीकडे आमची पट्टी आणि पलीकडे, थोडा चढ चढून गेलं की माळ. त्या माळावर काही वर्षांपूर्वी विमान चालवायला शिकवणारी एक खासगी शाळा आली. दोन-चार छोटी विमानं, एक धावपट्टी, पत्र्याची शेड आणि काचेच्या खिडक्यांची रेडिओची खोली. त्या खोलीत मी नोकरी करते.

ही नोकरी मला कशी मिळाली ते सांगायला हवं, कारण त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि इतरांचं जास्त आहे. माझी शाळा वडगावला झाली, कॉलेज तळेगावला. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. मी शिकावं म्हणून दादा दहावीनंतर कंपनीत कंत्राटी कामाला लागला. पहाटेच्या पाळीला जाताना तो मला मोटारसायकलवरून एसटीच्या थांब्यावर सोडायचा, आणि वाटेत माझ्याकडून पाढे म्हणून घ्यावेत तशी भौतिकशास्त्राची सूत्रं म्हणून घ्यायचा. त्याला त्यातलं काही कळत नसे. मी अडखळले की मात्र त्याला बरोबर कळायचं. पदवीनंतर मी या शाळेत ऑफिसच्या कामाला लागले, आणि तिथल्या मुख्य शिक्षकांनी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, मला रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्यायला लावली. निवृत्तीनंतर लोणावळ्यात, तुंगार्लीला येऊन राहिलेला हा माणूस. काम संपल्यावर ते थांबून मला शिकवत. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं, ते त्यांनी बोलण्यातलं केलं.

मी पास झाले तेव्हा वहिनीने सगळ्या आळीत सांगितलं होतं, “आमची ताई इमानासंगं बोलती.”

वहिनी जुन्नरकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तुंगार्लीतल्या बंगल्यांवर झाडलोट आणि धुणीभांडी करायला जात होती. सकाळी जीपने जायची, संध्याकाळी यायची. शनिवार-रविवारी पाहुणे जास्त, म्हणून काम जास्त. तिच्या माहेरी मात्र शेवंती होती, दिवे लावून केलेली शेवंती. मागच्या वर्षी दिवाळीनंतर लोणावळ्याचा एक एजंट आमची पट्टी बघून गेला. रस्ता लागून आहे, खाली ओढा आहे, फार्महाऊसला झकास जागा आहे, असं तो दादाला सांगत होता. दादाला ते पटत चाललं होतं. कंपनीतलं काम कधी थांबेल याचा भरवसा नव्हता. आई काही बोलली नाही. वहिनी बोलली. म्हणाली, भात निघालाय, रान मोकळं आहे, मला एक पीक करू द्या. शेवंती साधली तर जमीन ठेवायची, नाही साधली तर मी परत बंगल्यांवर जाते आणि तुम्ही सही करा.

दादा म्हणाला, “एकच पीक. मागनं रडायचं न्हाई.”

“मी कवा रडले?” वहिनी म्हणाली.

तिने बंगल्यांचं काम सोडलं आणि माहेराहून रोपं आणली.

शेवंतीचं गणित दिव्यांवर चालतं. रात्र मोठी झाली की या झाडाला वाटतं आता फुलायची वेळ आली, आणि ते कळी धरतं. थंडीत लावलेलं रोप तसंच सोडलं तर वीतभर उंचीवरच कळ्या येतात, आखूड दांड्याची बारकी फुलं निघतात, आणि ती बाजारात कुणी हातात घेत नाही. म्हणून लावणीनंतर काही आठवडे अंधार पडला की शेतात बल्ब लावायचे. झाड समजतं दिवस अजून मोठा आहे, आणि नुसतं वाढत राहतं. चांगलं गुडघ्यापर्यंत आलं की दिवे बंद करायचे. वहिनीचा हिशोब एप्रिलचा होता. चौदा एप्रिलला आमच्याकडे आणि गावोगावच्या विहारांत हार लागतात, पुढे लग्नसराई असते.

बांबू आणि वायर लावायचं काम दादाने केलं. तो कंपनीत मशीनवर असतो, त्याला वाकडं चालत नाही. पट्टीच्या दोन्ही कडांनी त्याने दोरी धरून बांबू रोवले, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे, आणि त्यांना बल्ब लटकवले. पहिल्या संध्याकाळी दिवे लावल्यावर आम्ही रस्त्यावर उभं राहून बघितलं. दोन सरळ रांगा ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. शेजारच्या रानातले आबाही आले होते. ते म्हणाले, “आरं, ह्यो रस्ता कुटं चाललाय?” दादा खूश झाला.

वैमानिकाच्या परवान्यासाठी काही तास रात्री उडावं लागतं. त्यामुळे हिवाळ्यात आमच्या शाळेत आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अंधार पडल्यावर विमानं उडतात. माळावरच्या धावपट्टीला दोन्ही बाजूंनी दिवे आहेत, आणि ते आमच्या बल्बांपेक्षा कितीतरी लख्ख आहेत. एकदा कॅप्टननी मला विचारलं होतं, खाली कुणाचं लग्न आहे का? मी शेवंतीचं सांगितलं. त्यांना गंमत वाटली. झाडाला फसवायचं, वा, असं काहीतरी ते म्हणाले. आमच्यापैकी कुणाच्याच मनात दुसरा विचार आला नाही. माळावरचे दिवे चालू असताना दुसरा विचार येण्यासारखं काही नव्हतंच.

जानेवारीतली ती संध्याकाळ थंड होती. खालच्या धरणाच्या पाण्यावरून धुकं सरकत होतं, पण वर आकाश मोकळं होतं. विद्यार्थी शेडबाहेर चहाचे ग्लास धरून उभे होते. त्यांना पाठवण्याआधी कॅप्टन नेहमी एकटे एक फेरी मारून यायचे, हवा कशी आहे ते बघायला. तसे ते गेले होते आणि वळून परत येत होते. तेवढ्यात माळावरची वीज गेली.

वीज जाणं आम्हाला नवीन नाही. जनरेटर आपोआप सुरू व्हायचा असतो. त्या दिवशी तो झाला नाही. वॉचमन तिकडे धावला. धावपट्टी पूर्ण काळी पडली होती. रेडिओ बॅटरीवर चालतो, म्हणून मी लगेच बटण दाबून सांगितलं की दिवे गेलेत, वरच थांबा. पण त्याच क्षणी तेही बोलत होते. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की रेडिओवर दोघांचंही बोलणं बुडतं, नुसती किरकिर ऐकू येते. किरकिर थांबली तेव्हा त्यांचा शांत आवाज आला. रनवे समोर दिसतोय, उतरतोय.

मी खिडकीतून बघितलं. समोर काहीच दिसत नव्हतं. मग डावीकडे, रस्त्याच्या पलीकडे, विमानाचा दिवा दिसला. फार खाली आला होता. आमच्या शेताची लाईन वेगळी आहे. इकडे वीज गेली होती आणि तिकडे दादाच्या दोन रांगा लखलखत होत्या.

रेडिओवर बोलायची ठरलेली वाक्यं असतात, ती इंग्रजीत असतात, आणि ती मला झोपेतही येतात. त्या वेळी त्यातलं एकही आठवलं नाही.

“सर, तो रनवे नाही. ते आमचं शेत आहे. वर घ्या.”

इंजिनाचा आवाज एकदम चढला. विमानाचं नाक उचललं गेलेलं मला दिव्यावरून कळलं. पण उंची उरली नव्हती. मग पाठोपाठ बांबू मोडल्याचे आवाज आले, आणि शेवटी एक जड धप्प. आमच्या शेतातली एक रांग विझली. दुसरी तशीच चालू होती. थोड्या वेळाने तीही विझली.

शाळेच्या मॅनेजरांच्या जीपमध्ये बसून आम्ही खाली गेलो. मी पोचले तेव्हा शेतात अंधार होता, कारण वहिनीने आधी जाऊन मोटारीच्या खोलीतला मेन स्विच पाडला होता. पेट्रोलचा वास पसरला होता. ती बांधावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होती, बिडी विझवा, काडी ओढू नका. लोक मोबाईलचे दिवे धरून उभे होते. विमानाची चाकं ओल्या वाफ्यांत रुतली होती, आणि ते आडव्या बांधाला अडून पालथं झालं होतं. शेपटी आकाशाकडे होती. कॅप्टन सीटच्या पट्ट्यांमध्ये उलटे लटकत होते.

आबांनी वाकून आत उजेड धरला. “पायलट जित्ता हाय का?”

आतून आवाज आला, “आहे हो आबा. पण उलटा आहे.”

कुणीतरी हसलं आणि मग सगळ्यांचाच श्वास सुटला. दादा पाळीवरून नुकताच आला होता, अंगावर कंपनीचाच शर्ट होता. तो खाली आडवा झाला, खांदा कॅप्टनच्या पाठीखाली दिला, आणि मग दुसऱ्याने विळ्याने पट्टा कापला. त्यांना हळूहळू ओढून वाफ्यावर निजवलं. एक हात त्यांना हलवता येत नव्हता. वहिनी त्यांच्या डोक्याशी बसली होती. ते तिच्याकडे बघून म्हणाले, “ताई, तुमची झाडं...”

“झाडाचं मागनं बघू,” ती म्हणाली. “तुमी हालू नका.”

त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्यांना तडा गेला होता. तळेगावच्या हॉस्पिटलात नेताना ॲम्ब्युलन्समध्ये मी होते. वाटेत त्यांनी मला एवढंच सांगितलं की नाक उचललं नसतं तर बांधावर सरळ आपटलो असतो. पुढे मी त्यांचा चांगला हात धरून बसले.

सकाळी उजाडल्यावर शेत बघितलं. रस्त्याच्या बाजूचं जवळजवळ अर्धं पीक गेलं होतं. चाकांनी दोन चर पाडले होते, त्यांत रोपं गाडली गेली होती. बांधाच्या खालची, ओढ्याकडची अर्धी पट्टी मात्र जशीच्या तशी होती. वहिनी एकेका वाफ्याशी बसून उठली आणि म्हणाली, “अर्धं हाय.” ती अर्धं गेलं असं म्हणाली नाही, हे मला तेव्हा जाणवलं.

चौकशीचे अधिकारी येईपर्यंत विमान हलवायचं नव्हतं. पोलिसांनी भोवती फीत बांधली आणि एक होमगार्ड बसवला. पण खरा त्रास बघ्यांचा झाला. पहिल्या दिवशी आजूबाजूची गावं आली. शनिवारी लोणावळ्याला आलेले पाहुणे वाट वाकडी करून येऊ लागले. पालथ्या विमानापुढे फोटो, व्हिडिओ. रस्त्याकडेला एक कणीसवाला शेगडी मांडून बसला, तर कुणी चिक्कीची पाकिटं घेऊन आलं. मध्ये उरलेल्या वाफ्यांवरून लोक बिनदिक्कत चालत. वहिनीने बांधावर खुर्ची टाकली आणि हातात मोडका बांबू घेऊन बसली.

“इमान बघा, किती बी बघा,” ती सांगायची. “पर झाडावर पाय दिला तर चप्पल हितंच ठिवून जायचं.”

दुपारपर्यंत तिच्याजवळ तीन वेगवेगळ्या चपला जमल्या होत्या. परत दिल्या, पण माफी मागून घेतल्यावर.

एवढं सगळं ती हसतमुखाने निभावत होती. तिला खरी काळजी दुसरीच होती. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजर घरी येऊन गेले होते. विद्यार्थ्यांच्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि रात्रभर त्यांना झोप आली नव्हती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पिकाची भरपाई शाळा देईल, पण शेतातले दिवे आता कायमचे बंद, असं त्यांनी सांगितलं. आबा तिथेच होते. ते तडकले. शेत यांचं, दिवे यांचे, तुमचा जनरेटर का बंद पडला ते आधी सांगा, असं म्हणाले. मॅनेजर म्हणाले की त्याचंही बघतोय, पण जनरेटर पुन्हा बंद पडणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही.

मी मध्ये उभी होते. दोघांचंही खरं होतं, आणि मला दोन्हीकडे उद्या तोंड दाखवायचं होतं.

वहिनीने मॅनेजरांना चहा दिला आणि विचारलं, “फुडचे तीन आठवडे तरी?”

ते नाही म्हणून मान हलवून निघून गेले.

भरपाई मिळाली असती, तिचा प्रश्न नव्हता. पण भरपाई म्हणजे पीक नव्हे. शेवंती साधली की नाही, यावर दादाची सही ठरणार होती. रोपं अजून वीतभरच होती. दिवे नाहीत म्हणजे रात्र मोठी, आणि रात्र मोठी म्हणजे कळी. रोज सकाळी वहिनी शेंडे अंगठ्याने उलगडून बघायची. “अजून धरली न्हाई,” म्हणायची. पण आवाज दिवसागणिक बारीक होत होता. एजंटाला बातमी लागलीच होती. त्याचा फोन आला तेव्हा दादा अंगणात जाऊन बोलला. आत येऊन म्हणाला, “तो म्हणतोय, आता तर लय फेमस झाली जागा.”

चौकशीला आलेले अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी मला त्या संध्याकाळचं सगळं विचारलं. मी रेडिओवर काय बोलले ते इंग्रजीत सांगायला लागले, तेव्हा ते म्हणाले, जसं बोललात तसंच सांगा. मी मराठीत सांगितलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग अंधार पडेपर्यंत ते थांबले आणि वहिनीला उरलेले दिवे लावून दाखवायला सांगितले. रस्त्यावर उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं. मीही इथेच उतरलो असतो, असं ते जाता जाता म्हणाले. दिव्यांचं पुढे काय करायचं ते मात्र त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विमानाचे भाग सुटे करून ट्रकने नेले.

त्याच दिवशी वहिनी म्हणाली, “कॅप्टनसायबांस्नी बघाया जाऊ.”

आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून तिने पिशवीत घरचा तांदूळ घेतला आणि आबांकडची गावठी अंडी भुश्यात ठेवून घेतली. तुंगार्लीच्या तळ्यावरून पुढे जाताना ती मला बोटाने दाखवत होती, या बंगल्यात मी होते, त्या बंगल्यात भांडी फार असायची. कॅप्टनच्या फाटकातून आत गेल्यावर तिची पावलं आपोआप बाजूच्या, स्वयंपाकघराकडच्या दाराकडे वळली. मग ती थांबली, पदर सारखा केला आणि माझ्याबरोबर पुढच्या दाराने आत आली.

ते हात गळ्यात बांधून बसले होते. दोघंही एकदमच माफी मागायला लागली. ते म्हणाले, तुमचं पीक तुडवलं. ती म्हणाली, आमच्या दिव्यांनी तुम्हाला फसवलं. असं थोडा वेळ चाललं. शेवटी ते म्हणाले, “ताई, झाडाला फसवायला लावलेले दिवे, मी मध्ये कशाला फसलो? जाऊ द्या. सांगा, अजून किती दिवस लागतील?”

वहिनीने सांगितलं. तिने सगळंच सांगितलं. एका पिकाचं ठरलेलं, एजंटाचं, दादाचं. मला वाटलं होतं मला बोलावं लागेल.

त्यांनी तिथूनच मॅनेजरांना फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा ठेवला. विमानं उडतील त्या संध्याकाळी, शेवटचं विमान उतरल्यावरच दिवे लावले तर, असं त्यांनी विचारलं. मी रेडिओच्या खोलीतून वहिनीला फोन करून कळवत जाईन, असं मीही म्हणाले. मॅनेजर पलीकडून म्हणाले, “आणि एखाद्या दिवशी त्या विसरल्या तर? किंवा तू सुट्टीवर असलीस तर?”

कॅप्टननी वहिनीकडे बघितलं. “प्रश्न बरोबर आहे त्यांचा.”

“व्हय,” वहिनी म्हणाली. “बरोबर हाय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. वरून माणसाला शेत दिसत नाही, वायर दिसत नाही. अंधारात डोळा दोन सरळ रेघा शोधत असतो, आणि त्या मिळाल्या की मन म्हणतं हाच रनवे. त्यामुळे रेघ मोडायला हवी आणि उजेड वर जाता कामा नये. दोन्ही केलं, तर विसरलेल्या दिवशीही धोका राहणार नाही. पण ते जमलंय की नाही हे जमिनीवरून कळणार नाही. वर जाऊनच बघावं लागेल. मॅनेजरांनी दोन्ही गोष्टी पुन्हा एकदा विचारून घेतल्या. मग म्हणाले, ठीक आहे, एक संध्याकाळ बघू. वरून काही दिसलं, तर मात्र विषय संपला.

परतताना जीपमध्ये वहिनी म्हणाली, “तुझ्या दादाला कोण सांगनार?”

दादाला वाईट वाटलंच. दोरी धरून रोवलेले बांबू स्वतःच्या हाताने उपटायचे होते. “जल्मात पयल्यांदा कायतरी सरळ केलं,” तो म्हणाला, “आन त्येच चुकलं व्हय?” आबांनी त्याला चिडवलं, की आता वाकडं लाव, ते तुला कुणी शिकवायला नको. रविवारी आम्ही सगळे रानात होतो. एक बांबू आत, एक बाहेर, एक अगदी मध्ये. दादा तरीही नकळत अंतर सारखं ठेवायचा आणि आम्ही त्याला पुन्हा उपटायला लावायचो. दिव्यांवर झाकण म्हणून त्याने आधी पत्रा कापून बघितला, तो वाऱ्याने फडफडायला लागला. मग जवळच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये काळ्या प्लास्टिकच्या रिकाम्या कुंड्यांचा ढीग पडलेला होता, तो आम्ही मागून आणला. कुंडीच्या बुडाला भोक असतंच. त्यातून वायर ओवायची, कुंडी पालथी, आत बल्ब. उजेड सरळ खाली वाफ्यावर. संध्याकाळपर्यंत सगळ्या रानात काळ्या टोप्या लटकत होत्या.

ठरलेल्या संध्याकाळी मी रेडिओच्या खोलीत होते. मॅनेजर मागे उभे होते. विमान आमच्या दुसऱ्या शिक्षिका नेणार होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. माळावरचे दिवे चालू होते, आणि ठरल्याप्रमाणे त्या वर पोचून सुरक्षित उंचीवर आल्यावर आम्ही ते मुद्दाम काही वेळ बंद केले. जनरेटर या वेळी आधीपासून चालू ठेवला होता. मी वहिनीला फोन केला. तिने दिवे लावले. खिडकीतून मला तिकडे काहीच दिसलं नाही, पण मी जमिनीवर होते.

विमान रस्त्यावरून, मग ओढ्यावरून गेलं. रेडिओवर आवाज आला की रांग दिसत नाही, पण ओढ्याच्या बाजूला एक ठिपका दिसतोय, चांगला तेजस्वी.

मी फोनवर वहिनीला सांगितलं. तिच्या धावण्याचा आवाज, मग दादाचा आवाज. सगळ्यात शेवटची कुंडी वाऱ्याने कलली होती. मला ऐकू आलं, ती म्हणत होती, “आवो, घमेलं द्या, घमेलं.” कुंडी सरळ करून तिने वरून घमेलं बांधायला लावलं. विमानाने पुन्हा फेरी घेतली.

“रस्ता दिसतोय. गावातले दिवे दिसताहेत,” शिक्षिका म्हणाल्या. “मधे काळं आहे. शेत नक्की कुठे आहे?”

मॅनेजरांनी माझ्याकडून माईक घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. शिक्षिकांनी तेच उत्तर दिलं. मॅनेजरांनी माळावरचे दिवे लावायला सांगितले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनींना सांग, चालू ठेवा म्हणावं. पण फोनचं ठरलंय ते पाळायचं.”

मी वहिनीला सांगितलं.

“आदी ती बाई खाली उतरू दे,” वहिनी म्हणाली. “मग सांग काय ते.”

आम्ही दोघी फोन कानाला लावून थांबलो. विमान माळावर टेकलं, पळालं, शेडकडे वळलं. मी उतरलं म्हणून सांगितल्यावर तिने एकदा जोरात नाक ओढलं. रडत होतीस का, असं मी विचारलं नाही.

त्या काळोख्या रात्रींमुळे कडेच्या काही रोपांनी लवकर कळी धरलीच. बाकीची वाढली. काही आठवड्यांनंतर दिवे कायमचे उतरवले तेव्हा ती गुडघ्याच्या वर गेली होती, आणि एप्रिलच्या सुरुवातीला खालची अर्धी पट्टी पिवळी झाली. सगळी फुलं काही पहिल्या प्रतीची नव्हती. चांगली पुण्याच्या बाजारात गेली, आखूड दांड्याची वहिनीने विहाराला आणि आजूबाजूच्या वस्त्यांना हारांसाठी दिली. दादाने सही केली नाही. त्याबद्दल घरात काही बोलणंही झालं नाही. एक दिवस तो जुन्नरला मेव्हण्याकडे जाऊन आला आणि जेवताना म्हणाला की यंदा रोपं दुप्पट सांगितलीत, वरची अर्धी बाजू पण धरायची. त्याने कंपनी सोडलेली नाही. वहिनी बंगल्यांवर परत गेलेली नाही.

कॅप्टनचा हात पूर्ण वर जात नाही, म्हणून ते आता स्वतः उडत नाहीत, वर्गात शिकवतात. पालथ्या विमानात लटकताना काय काय आठवलं, ते विद्यार्थ्यांना हसत सांगतात आणि मग फळ्यावर दोन रेघा काढून बराच वेळ त्याबद्दल बोलतात. पहिल्यांदा रात्री उडणाऱ्या प्रत्येकाला ते दिवसाउजेडी आमच्या शेतात पाठवतात. वहिनी त्यांना कुंड्या दाखवते आणि चहा पाजते.

यंदाची शेवंती लागली आहे. ज्या संध्याकाळी विमानं उडतात, त्या दिवशी शेवटचं विमान टेकलं की मी वहिनीला फोन लावते. काल एका मुलीची रात्रीची पहिली एकटीची फेरी होती. सकाळी ती आमच्या बांधावर चहा पिऊन गेली होती, आणि जाताना तिने कुंड्या दोनदा मोजल्या होत्या हे वहिनीने बघितलं होतं.

“ती बारकी पोरगी उतरली का?” फोन उचलताच वहिनीने विचारलं.

“उतरली. नीट उतरली.”

“बरं,” ती म्हणाली. “लावते मग.”